उलट्या डबड्याचा इतिहास

आधी डबडं म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको.

डबडं म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. आमच्या शहराबाहेरच्या कारखान्यात ते साडेतीन वर्षं बनत होतं, माझ्या जन्माच्या आधी. खोक्यावर त्याचं नाव तीन अक्षरं आणि एक आकडा असं भारदस्त छापलेलं असायचं, पण ते कुणाच्या तोंडात बसलंच नाही. जाड करडं प्लास्टिक, वर कॅसेट खुपसायची खाच, समोर दोन रिमोटसाठी दोन भोकं, उजव्या कडेला खटकन वाजणारा स्विच. दिसायला शिळ्या पावासारखं. सगळे डबडंच म्हणायचे, आणि प्रेमाने म्हणायचे.

मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हे सगळं कुठे शिकलास असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो, कारण कुठेच शिकलो नाही. पहिलं डबडं भंगारवाल्याकडून उचललं. उघडलं तर आत झुरळांचं भरलं घर. त्यांना बाहेर काढलं, दोन कपॅसिटर बदलले, टीव्हीला लावलं, आणि पडद्यावर ते चौकोनी विमान आलं. झालं. तेव्हापासून मी कामातून गेलो. आज माझ्याकडे चौदा डबडी आहेत. आई म्हणते पंधरावं घरात आलं की मी बाहेर.

डबड्याचा इतिहास मी नेटवर लिहितो. कोणत्या महिन्यात कुठली चिप बदलली, कुठल्या कॅसेटचं लेबल कधी हिरव्याचं निळं झालं, असलं. नियमित वाचक अकरा. त्यातला एक मीच आहे, दुसऱ्या नावाने.

पण एक लेख माझा गाजला.

त्याचं असं आहे. डबडी तीन खेपांमध्ये निघाली. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत डावं भोक एक नंबरच्या खेळाडूचं आणि उजवं दोन नंबरचं. कुणीही असंच करेल. पण दुसऱ्या खेपेतली काही डबडी उलटी आहेत. त्यांच्यात एक नंबर उजवीकडे. भोकांच्या वर तसे स्टिकर लावलेत, आणि स्टिकर नखाने उचकटला की खाली प्लास्टिकमध्ये कोरलेला मूळचा आकडा दिसतो, स्टिकरच्या बरोब्बर विरुद्ध.

हे असं का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी शोधून काढलं. म्हणजे, बसल्या बसल्या काढलं. स्विच उजवीकडे आहे ना? गेम चालू कोण करणार, एक नंबरचा खेळाडू. त्याला उजवीकडे बसवलं की शेजारच्याच्या अंगावरून हात न्यायला नको. ज्या इंजिनियर साहेबांनी डबडं डिझाइन केलं त्यांना हे अर्ध्यात सुचलं, त्यांनी बदल केला, आणि कारखान्याच्या मालकांनी तिसऱ्या खेपेत तो बदल मोडून काढला. पुढच्या दोन महिन्यांत साहेब नोकरी सोडून गेले. मनाला लागलं असणार, दुसरं काय.

लेखाला नाव दिलं ‘एका कल्पनेचा खून’. नऊ हजार लोकांनी वाचला. जुनी यंत्रं जमवणारे लोक उलटं डबडं मुद्दाम शोधायला लागले. आणि हे नुसतं माझ्या मनचं होतं असंही नाही. मी साहेबांचा पत्ता मिळवून त्यांना मेल केला होता. दुसऱ्या खेपेत जागा तुम्हीच बदलल्या का? सहा दिवसांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं. ‘हो, मीच.’ त्याची प्रिंट काढून मी दुकानात माझ्या टेबलावर डकवली. दुकानमालकांना वाटलं कुठला तरी देव आहे.

मग एक दिवस संग्रहालयातून फोन आला.

आमच्याकडे एक छोटं संग्रहालय आहे, जुन्या यंत्रांचं. तिथल्या बाईंनी माझा लेख वाचला होता. शहरात बनलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होत्या त्या: शिलाई मशीन, भिंतीवरची घड्याळं, पाण्याचे पंप आणि डबडं. त्यांना उलटं डबडं हवं होतं, तेही चालू, म्हणजे लोकांना खेळता येईल. शेजारी भिंतीवर कार्ड लागणार, त्यावर माझ्या लेखाचा सारांश, खाली माझं नाव आणि नावाच्या खाली ‘संशोधक’. शनिवारी उद्घाटन. पाहुणे म्हणून स्वतः इंजिनियर साहेब येणार.

संशोधक. मी फोन ठेवला आणि तो शब्द हळूच म्हणून बघितला. सत्तावीस वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलंय: मोबाईलवाला, अर्धवट, आणि बाबा तर सरळ ‘उद्योगपती’ म्हणतात, कारण मला उद्योग नाहीत. भिंतीवर, छापील अक्षरात, संशोधक. ते कार्ड मला पाहिजे होतं. इतकं दुसरं काही मला कधी हवं वाटलं नव्हतं.

आता आत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण. मागच्या गल्लीत राहते, एकटीच, लोकांचे कपडे उसवून लहानमोठे करून देते. ऐन विशीत ती त्याच कारखान्यात होती, वायरी जोडायच्या लाइनवर. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. एकदा विचारलंही होतं, कारखान्यातलं काही आठवतं का. ती म्हणाली, कॅन्टीनचा चहा भिकार होता. मी पुढे विचारलं नाही. इतिहास काय तो इंजिनियरांकडे असतो, वायरी जोडणाऱ्यांकडे नाही, असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलेलं होतं. तोंडाने कधी कबूल केलं नसतं, पण होतं.

बुधवारी मी उलटं डबडं घेऊन तिच्याकडे गेलो, ते फक्त तिचं टेबल मोठं आहे आणि खिडकीशी उजेड चांगला आहे म्हणून. डबडं उघडून बसलो होतो. आत्या कॉफीचे दोन कप घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.

मला वाटलं टेबलाबद्दल बोलतेय. म्हटलं, अगं खाली पेपर घातलाय, चरा नाही पडणार.

“टेबल नाही रे. हे सोल्डर. माझे थेंब असे गोल असायचे, टाचणीच्या डोक्याएवढे. माझ्या शेजारी बसायची ना, तिच्या थेंबांना शेपट्या असायच्या.”

मी भिंग घेऊन बघितलं. वायरी चिकटवलेल्या जागचे वीसच्या वीस थेंब गोल. मोजून एकसारखे.

मग तिने विचारलं की हे डबडं प्रदर्शनात कशाला, एवढं काय आहे त्यात. मी कॉफी बाजूला ठेवली आणि तिला लेख वाचून दाखवला. ‘एका कल्पनेचा खून’ म्हटल्यावर तिला हसू फुटलं. स्विचपाशी बसणाऱ्या खेळाडूपर्यंत आलो तेव्हा ती चष्मा काढून डोळे पुसत होती. मला जरा रागच आला. पण साहेब मनाला लावून नोकरी सोडून गेले, ते वाक्य आलं आणि तिचं हसू बंद पडलं.

ती उठली. शिलाई मशीनचा खालचा खण ओढला, त्यातून गुंडाळलेले कागद काढले, कॉलरचे, बाह्यांचे, आणि त्यांतला एक माझ्यासमोर पसरला. ट्रेसिंग पेपर होता, पिवळा पडलेला. एका बाजूने कॉलरच्या आकाराचा तुकडा कापून नेलेला. बाकीच्या भागावर रंगीत पेन्सिलींनी आखलेल्या रेघा. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.

आता ती जे बोलली ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण ती मध्ये मध्ये थांबत होती.

लाइनवर सहा जणी. साहेबांचा वायरी जोडायचा नकाशा बारीक अक्षरांचा, दर वेळी त्यात डोकं घालायला वेळ जायचा. म्हणून आत्याने स्वतःच्या डोक्याने एक सोपा नकाशा केला, अक्षरं नाहीत, नुसते रंग. डाव्या भोकाकडून येणाऱ्या काळ्या नळीतल्या वायरी डाव्या रांगेत, उजव्या भोकाकडून येणाऱ्या करड्या नळीतल्या उजव्या रांगेत. ट्रेसिंग पेपरवर काढला, टेबलाच्या काचेवर ठेवला, काचेखाली बल्ब. वर जाळीचा ट्रे, ट्रेमध्ये डबडं. खालून रेघा उजळून दिसायच्या, हात आपोआप चालायचे. लाइनचं काम जवळजवळ दीडपट झालं. साहेबांनी येऊन बघितलं, मान हलवली, आणि बाकीच्या पाच जणींनाही तसेच कागद करायला सांगितलं. त्यांनी आत्याच्याच कागदावरून गिरवले.

मग एका सोमवारी तिने काच पुसायला सगळ्यांचे कागद उचलले. काच पुसली. कागद परत ठेवले. गठ्ठा हातात उलटा आला होता.

त्यावर एकही अक्षर नव्हतं. अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं आणि लगेच कळलं असतं. रंगाच्या रेघा काय, दोन्हीकडून सारख्याच. रांगा उभ्या होत्या, त्यामुळे रंगांचा क्रमही बिघडला नाही. बदलली फक्त बाजू, म्हणजे एक नंबर उजव्या भोकाला गेला. टेस्टिंगला दोन्ही रिमोट जोडून सगळी बटणं दाबून बघायचे. दोन्ही चालायचे. पास.

अकरा दिवस. सहा जणी. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या लक्षात आलं. कागद गुपचूप सुलटे करून ठेवले, आणि कुणालाही एक अक्षर बोलली नाही. चार दिवसांनी स्टिकरचे गठ्ठे आले. सांगण्यात आलं की साहेबांनी डिझाइनमध्ये बदल केलाय, गोदामातल्या डबड्यांना हे चिकटवा. आणि दोन महिन्यांनी साहेब गेले.

“माझ्यामुळे त्या माणसाची नोकरी गेली,” आत्या म्हणाली. “आणि तू त्याचं कौतुक छापून भिंतीवर लावतोयस, त्याच्याच डोळ्यांसमोर. त्याला काय वाटेल?”

मी म्हटलं, पण त्यांनी स्वतः लिहिलंय, हो मीच. मोबाईलवर मेल काढून दाखवला. तिने तो हात लांब करून वाचला, मग चष्मा लावून वाचला.

“अजून सांभाळून घेतोय,” ती म्हणाली. “ते कार्ड बदल. खरं काय ते लिही, माझ्या नावासकट.”

मी म्हटलं, बघतो.

बघतो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आत्यालाही माहीत होतं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कार्ड छापून झालंय, पण शुक्रवारी चारपर्यंत नवा मजकूर दिलात तर बदलू, काही चूक सापडली का? मी म्हटलं नाही, स्वल्पविराम. गुरुवारी दुकानात बसून नवा मजकूर लिहिला. ‘उलटं डबडं ही एक चूक होती.’ एवढंच लिहिलं आणि पुढे सरकेना. नऊ हजार लोक डोळ्यांसमोर आले. त्यातले जे उलटं डबडं जिवापाड जपून आहेत ते आले. आणि तो शब्द, संशोधक. ज्याने शोधलं काय तर काच पुसल्याचं, आणि तेही सख्ख्या आत्याने सांगितलं तेव्हा. शुक्रवारी दुपारभर मी एका फोनची स्क्रीन बसवत होतो. नेहमी वीस मिनिटं लागतात. सव्वाचारला बसली.

शनिवारी संग्रहालयाच्या मधल्या दालनात तीस-चाळीस लोक. घड्याळं टिकटिकत होती, एक पंप मधेच ढेकर द्यायचा. डबडं एका कमी उंचीच्या टेबलावर, जुन्या टीव्हीला जोडलेलं, समोर दोन खुर्च्या. भिंतीवर कार्ड, जसंच्या तसं. खाली मी. आईबाबा आले होते. बाबांनी कार्डाचा फोटो काढला, मग माझा, मग दोघांचा एकत्र. आयुष्यात पहिल्यांदा. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. सरळ कार्डापाशी गेली, पूर्ण वाचलं, माझ्याकडे वळली.

“बघितलंस का मग?” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात इंजिनियर साहेब आले. मी मनात एक उंच, खचलेला, विद्वान माणूस रंगवला होता. हे बुटके, गोल, खिशात तीन पेनं, आणि येता येता पंपाच्या आवाजाला हसत होते. बाईंनी त्यांना कार्डापाशी आणलं आणि माझी ओळख करून दिली. साहेबांनी कार्ड वाचलं. खून शब्दापाशी भुवया वर गेल्या. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले की फार छान लिहिलंय, मला इतकं हुशार अजून कुणी म्हटलेलं नाही, घरच्यांनीसुद्धा.

इथे मला गप्प बसता आलं असतं. दोन मिनिटं, मग भाषण, मग हार, मग संपलं. पण आत्या माझ्या शेजारी उभी होती, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि पर्सच्या तोंडातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी डोकावत होती. ती सगळ्यांसमोर स्वतःच सांगायच्या तयारीने आली होती. माझ्या चुकीच्या कार्डाखाली उभी राहून.

मी म्हटलं, “साहेब, हे कार्ड चुकीचं आहे. मला बुधवारपासून माहीत आहे. मी बदललं नाही, कारण मला खाली माझं नाव हवं होतं.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. बाबांनी मोबाईल खाली घेतला. आत्याने एक पाऊल पुढे टाकलं, गुंडाळी काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

“चूक माझी होती, साहेब. भोगलंत तुम्ही.”

साहेबांनी कागद उलगडला. कॉलरच्या भोकातून आत्याकडे बघितलं. मग कागद दिव्यासमोर धरला, तो कोपऱ्यातला चहाचा गोल डाग बोटाने दाखवला, आणि इतके मोकळे हसले की पंपवाले लोकही वळून बघायला लागले.

ते म्हणाले की त्यांना त्याच अकराव्या दिवशी कळलं होतं. दुकानदाराची तक्रार आली म्हणून सकाळी लाइनवर चक्कर मारली तर आत्याच्या काचेवर हा डाग उजव्या कोपऱ्यात. रोज डावीकडे असायचा. लगेच ओळखलं, कागद पालथा पडलाय. सांगायला म्हणून दुपारी परत आले तर डाग पुन्हा डावीकडे.

“म्हटलं, हिचं हिला कळलंय. मग बोलायचं कशाला?” साहेब म्हणाले.

मालकांना नाव हवं होतं, कुणाच्या तरी नावावर सगळं घालायचं होतं. साहेबांनी सांगितलं की बदल माझा आहे, स्विचच्या बाजूला एक नंबर बरा पडतो. म्हणजे माझ्या लेखातली ती थोर कल्पना, ती साहेबांनी मालकांच्या केबिनबाहेर उभं राहून, आत जायच्या आधी, अर्ध्या मिनिटात रचलेली थाप होती. मला त्यातल्या त्यात एवढंच बरं वाटलं की थाप आम्ही दोघांनी सारखीच मारली.

“आणि नोकरी?” आत्याने विचारलं.

“अहो, मी राजीनामा त्याच्या आधीच दिला होता. दुसरीकडे बरं मिळालं होतं. जाणाऱ्या माणसाच्या अंगावर काही घातलं तरी त्याचं काय बिघडतं?”

आत्या खुर्चीत बसली. डबड्यासमोरच्याच. पर्स मांडीवर ठेवली. एकतीस वर्षं तिने एक ओझं वाहिलं आणि आता कळलं की ते खोकं रिकामं होतं. म्हणाली की मग मला तेव्हा सांगायचं तरी. साहेब म्हणाले, तुम्ही तरी कुठे सांगितलंत. यावर दोघंही हसले.

बाईंनी कार्ड भिंतीवरून काढलं. माझ्यावर चिडल्या असणार, पण त्यांनी फक्त एक कोरा पुठ्ठा आणि पेन माझ्या हातात दिलं. साहेब म्हणत होते, राहू द्या हो तेच, मला हुशार म्हणणारं एकमेव कार्ड आहे. आत्या ठाम नाही म्हणाली. मी तिथेच, पंपावर पुठ्ठा टेकवून, हाताने लिहिलं. काच, बल्ब, रंगीत रेघा, सोमवार, अकरा दिवस. आत्याचं नाव आडनावासकट. साहेबांची थाप. खाली माझं नाव लिहिलं नाही. ते नंतर आत्याने लिहिलं, आणि त्याच्यापुढे कंसात ‘भाचा’.

तो कागद आता संग्रहालयात आहे, काचेवर, खाली बल्ब. लोक तो उलटसुलट करून बघतात. ‘एका कल्पनेचा खून’ मी काढून टाकला नाही, तसाच ठेवलाय, फक्त खाली खरं काय ते जोडलंय आणि वर लिहिलंय की आधी खालचा भाग वाचा. बरेच लोक चिडले. एकाने लिहिलं की हे तर जास्त भारी आहे. वाचक आता चौदा झालेत, आणि यात मी धरलेला नाही.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. भाषणं झाल्यावर साहेब आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, होऊन जाऊ दे एक डाव. आत्याने आयुष्यात हजारो डबड्यांच्या वायरी जोडल्या होत्या, पण खेळली एकदाही नव्हती. तिने डावा रिमोट घेतला, साहेबांनी उजवा. साहेबांनी हात लांब न करता खटकन स्विच मारला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. पडद्यावर दोन विमानं आली. आत्या सगळी ताकद लावून बटणं दाबत होती, नजर वरच्या विमानावर. वरचं विमान स्वतःच्या मर्जीने फिरत होतं, आणि खालचं एकटंच भिंतीवर धडका देत होतं.

मी म्हटलं, आत्या, तू दोन नंबर आहेस, तुझं खालचं.

“डावीकडे बसलेय ना मी,” ती पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली. “मग दोन कशी? कुणी जोडलंय हे?”